ओडिनच्या फौजेत आजचा जवान

आज सुट्टीचा अख्खा दिवस नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या पुराणकथांत गेला. आजचा एखादा जवान रणात पडला आणि डोळे उघडले ते थेट वल्हाल्लात, म्हणजे देवांचा राजा ओडिन याच्या वीरांसाठीच्या महालात, तर? जुन्या आइसलँडिक काव्यात त्या महालाला ५४० दारं आहेत, प्रत्येकातून एकावेळी ८०० योद्धे बाहेर पडतील एवढी रुंद. दिवसभर एकमेकांना कापायचं, मग उठून एकाच पंगतीला बसायचं. सेह्रिम्निर नावाचं तेच रानडुक्कर रोज शिजतं, रोज जिवंत होतं.

पण जिवाला घोर लावला तो ओडिनने. शेवटच्या लढाईत फेनरिर लांडगा आपल्याला गिळणार, हे त्याला आधीच ठाऊक आहे. तरी त्या लढाईसाठी पडलेल्या वीरांची भरती चालूच! त्या जवानाच्या जागी मी असतो, तर सलाम ठोकण्याआधी जाब विचारला असता.