आंब्यावरचं बांडगूळ आणि चिखलदऱ्याची फेरी

आमच्या धुऱ्यावरच्या जुन्या आंब्याच्या बेचक्यात पट्टीसारख्या पानांचं एक झाड वाढतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून घरात त्याला बांडगूळच म्हणतात. आबाजी, म्हणजे माझे सासरे, दर उन्हाळ्यात गड्याला बजावतात, "थे बांडगूळ छाटून टाक रे," आणि गडी दर उन्हाळ्यात विसरतो. या मे महिन्यात त्याला फुलं आली. पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकडीच्या लुगड्यासारखी जाळी, मधला ओठ निळा-जांभळा, आणि नाक जवळ नेलं की गोड वास. नणंदेनं फोटो काढून तिच्या कॉलेजातल्या बाईंना पाठवला. उत्तर आलं: वांडा टेसेलाटा. आमरी आहे, म्हणजे ऑर्किड. छाटू नका.

त्याच बाईंकडून कळलं की पोळ्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी परतवाड्याजवळच्या एका सार्वजनिक बागेत फुलझाडांचं प्रदर्शन आहे आणि त्यात ऑर्किडचं टेबलही असणार आहे. पुढं घाट चढला की चिखलदरा. आम्ही दोघी निघालो.

वरुडकडून जाणाऱ्यांनी मोर्शीला गाडी बदलायची तयारी ठेवावी, मग चांदूर बाजार, परतवाडा. अमरावतीहून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर, एसटी भरपूर. बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींचं येणं-जाणं एकीच्या भाड्यात झालं. रेल्वेनं येणाऱ्यांना बडनेऱ्याला किंवा अमरावतीला उतरून पुढं रस्त्यानंच यावं लागतं. अचलपूरपर्यंत येणारी शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी बंद पडून बरीच वर्षं झाली, पण आमच्या शेजारच्या सीटवरच्या आजी अजून तिच्याच वेळापत्रकानं बोलत होत्या.

पत्रिकेत उद्घाटनाची वेळ दहाची होती, प्रत्यक्षात साडेअकरा वाजले. पाहुणे यायचे होते. पण हा उशीर आमच्या पथ्यावर पडला, कारण गर्दी मांडवात आणि टेबलं मोकळी. तुम्हीही पहिल्या दिवशी सकाळीच जा, भाषणं चालू असताना फुलं बघून घ्या. रविवारी संध्याकाळी विक्रेते भाव उतरवतात हे खरं, पण दोन दिवस उन्हा-वाऱ्यात उभं राहिलेलं झाड घरी नेऊन फार सुख लागत नाही.

गुलाब, अ‍ॅडेनियम, कुंडीतले बोन्साय यांच्यापुढं लोक सेल्फी काढत होते. ऑर्किडचं टेबल सगळ्यात शेवटी, आइस्क्रीमच्या गाड्याला लागून. व्हॅनिला हीसुद्धा आमरीच्याच कुळातली वेल. तिचं फूल हातानं फळवावं लागतं, ती सोपी रीत 1841 साली रियुनियन बेटावरच्या एदमों अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं शोधली. टेबलाजवळ भेटलेल्या त्याच कॉलेजातल्या बाईंनी हे सांगितल्यावर नणंदेनं लगेच व्हॅनिला कोन घेतला. गाडेवाल्याला विचारलं तर म्हणाला, "इसेन्स हाय ताई." म्हणजे आमरी काही पोटात गेली नाही.

टेबलावर डेंड्रोबियम जास्त, चार-पाच फॅलेनॉप्सिस, टोपलीत टांगलेले दोन संकरित वांडा आणि पिवळ्या फुलांचा एक ऑन्सिडियम. सगळे बाहेरून आलेले, प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेले. आमच्या भागात संत्र्याची कलमं करतात, तिथं जंबेरीच्या रोपावर डोळा बसवला की काम फत्ते. ऑर्किडचं तसं नाही. त्याचं बी पिठासारखं बारीक, बियांत साठवलेलं अन्न जवळजवळ नाही. जंगलात ते रुजायला विशिष्ट बुरशी लागते, ती भेटली तरच कोंब. एका शेंगेत हजारो-लाखो बिया असतात आणि त्यातलं एखादं झाड होतं. बाटलीत साखर आणि क्षार घालून ते बुरशीशिवाय रुजवता येतं हे 1922 साली नडसन या शास्त्रज्ञानं दाखवलं आणि तिथून ही बाजारातली ऑर्किडं सुरू झाली.

दुपारी दोनला कुंडी बदलण्याचं प्रात्यक्षिक होतं. जेमतेम वीस माणसं. अख्ख्या प्रदर्शनात मला सगळ्यात उपयोगाचं हेच वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाईंनी प्लॅस्टिकच्या कुंडीतून डेंड्रोबियम उपसलं. मुळांभोवती काळपट, चिकट भुसा. तो सगळा धुऊन काढला आणि एकेक मूळ चिमटीत धरून दाबायला सांगितलं. टणक लागलं तर ठेवायचं. शेंगेच्या टरफलासारखं पोकळ दबलं आणि वरची साल सरकून आत दोरा उरला, तर कापायचं. कात्री दर वेळी मेणबत्तीवर धरायची. कापलेल्या तोंडावर दालचिनीची पूड, पण तेवढ्याच जागी, सगळ्या मुळांवर भुरभुरली तर चांगली मुळंही कोरडी पडतात. मग मातीची, पोटाला भोकं असलेली कुंडी, तळाला विटेचे तुकडे, वर लाकडी कोळसा आणि नारळाच्या सालीचे सुपारीएवढे तुकडे. वीट रात्रभर पाण्यात, नारळाची साल दोन-तीन पाण्यांत भिजवलेली, कारण तिच्यात मीठ असतं. माती अजिबात नाही. झाड हलू नये म्हणून जुन्या बनियनच्या पट्टीनं काडीला बांधलं.

"मुळं बघून पाणी घाला, घड्याळ बघून नाही," बाई म्हणाल्या. मुळांवर स्पंजासारखा पांढरा थर असतो. कोरडं असताना तो चंदेरी दिसतो, भिजला की आतला हिरवा रंग वर येतो. चंदेरी दिसलं तर पाणी, हिरवं असेल तर हात मागे. हे ऐकताना मला माझी फॅलेनॉप्सिस आठवली. गेल्या दिवाळीत भेट आलेली, आणि मी तिला रोज सकाळी तुळशीला घालतात तसं वरून तांब्याभर पाणी घालत होते. पाणी पानांच्या मधल्या पोंग्यात साचलं. फेब्रुवारीत एक दिवस पान सरळ करायला गेले तर सगळा पोंगाच हातात आला.

खताचं गणित आपल्याकडं सोपं आहे. कापूस-संत्र्यावर फवारायला आणतो तेच 19:19:19, कोणत्याही कृषी केंद्रात मिळतं. एक लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, आणि मधे एकदा नुसत्या पाण्यानं धुऊन काढायचं. फक्त पंप वेगळा ठेवा. तणनाशकाचा पंप कितीही विसळला तरी त्यात काही ना काही राहतं, आणि ऑर्किड ते सहन करत नाही.

प्रश्न सगळ्यांचा एकच होता: बाई, आमचा मे कसा काढायचा? पंचेचाळीस डिग्रीत फॅलेनॉप्सिस टिकत नाही, तिला पस्तिशीच्या वरच त्रास सुरू होतो. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की पहिलं झाड घेणार असाल तर फॅलेनॉप्सिस घेऊच नका, डेंड्रोबियम घ्या, आणि ते रांजणाच्या बाजूच्या सावलीत ठेवा. कुलर असलेल्या खोलीत ठेवलं तरी चालेल, पण हवेच्या थेट झोतात नको. कुलरच्या टाकीतलं पाणी मात्र झाडाला घालायचं नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, मेअखेर ते पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही जड होतं. पावसाचं पाणी ड्रममध्ये झाकून ठेवलं तर उत्तम. अंगणात ठेवायचं असेल तर हिरवी जाळी, पंचाहत्तर टक्क्यांची. आमच्याकडं शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांना ही जाळी आयतीच असते, त्यामुळे नणंदेनं तिथल्या तिथे हिशेब मांडला.

मी 350 रुपयांना एक डेंड्रोबियम घेतलं. विक्रेत्यानं 400 सांगितले होते. घरी आणून कुंडीवरचं शेवाळ बाजूला केलं तर खाली जिवंत मुळं दोनच. म्हणून सांगते, फुलांकडं बघून भाव करू नका. विक्रेता कुरकुरला तरी शेवाळ उचलून मुळं बघा, कुंडी हलवून झाड डुलतं का बघा.

आणखी एक. फाटकाबाहेर एक माणूस पोत्यात रानातले वांडा घेऊन बसला होता, "रास्ना, सांधेदुखीवर," पन्नास रुपये जुडी. ओरबाडून काढलेली, मुळं तुटलेली. रास्ना या नावानं देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती वापरतात, त्यामुळे ती जुडी औषध म्हणूनही भरवशाची नाही. आणि झाड म्हणून तर ती मेलेलीच. घेऊ नका. आपण घेत राहिलो तर पोतं पुन्हा भरणार.

रात्र परतवाड्यात काढून रविवारी पहिल्या गाडीनं वर गेलो. घाट तीसेक किलोमीटरचा. ऑगस्टात धुकं इतकं की ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून चालवत होता. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल परतवाड्यातच भरा, शनिवार-रविवारी दुपारनंतर वर जाऊ नका, पॉइंटांवर गाड्यांची रांग लागते. मोबाइलला रेंज येते-जाते, म्हणून वाटाड्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवलेलं बरं. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, कॉफी होते इथं, त्यामुळे खालच्या मैदानापेक्षा हवा अगदी वेगळी. थंडी वाजते. मी शाल नेली नव्हती, तुम्ही न्या.

वाटाड्या कोरकू, पन्नाशीचा. आमच्याशी वऱ्हाडी, हॉटेलवाल्याशी हिंदी आणि फोनवर बायकोशी कोरकू. ही भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, मुंडारी-संथाळीच्या नात्यातली आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या आत आम्ही गेलो नाही. गावाबाहेरच्या वाटेनं दोन तास फिरलो, तेवढं पुष्कळ झालं.

आधी त्यानं गवतात बोट दाखवलं. मला काहीच दिसेना. मग वाकल्यावर दिसली: वीतभर दांडा, त्यावर हिरवट-पांढरी बारकी फुलं, प्रत्येकाच्या मागे शेपटीसारखी नळी. हॅबेनेरिया, जमिनीवरची आमरी. त्या नळीत मध असतो आणि तो प्यायला बहुधा रात्री पतंग येतात. पावसाळ्याचे दोन-तीन महिने वर, मग कंदात गडप. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागानं 2019 साली देशातल्या 1256 आमऱ्यांची नोंद प्रसिद्ध केली, त्यातल्या 757 झाडांवर वाढणाऱ्या आणि 447 अशा जमिनीवरच्या. आपण वर बघत चालतो आणि या पायाखाली जातात. वाट सोडून चालू नका म्हणतात ते याचसाठी.

पुढं एका मोहावर वांडा सापडला, आमच्या आंब्यावरचाच. फुलं संपलेली, खाली लोंबणाऱ्या कंगोरेदार शेंगा, अजून हिरव्या. मी हात घातला तशी वाटाड्यानं मान हलवली.

"राहू द्या मॅडम. झाडावर राहते थे, झाडाचं खात नाही."

मग त्यानंच शेजारच्या फांदीवरचं खरं बांडगूळ दाखवलं. फांदीला जिथं चिकटलं होतं तिथं लाकूड गाठीसारखं सुजलेलं, कारण त्याचं मूळ फांदीच्या आत घुसून रस ओढतं. वांड्याची मुळं मात्र सालीवरून नुसती धावत गेलेली, अर्धी तर हवेतच लोंबत. सालीच्या भेगांत अडकलेलं धुकं, धूळ, कुजलेला पाला, एवढ्यावर त्याचं भागतं. हा फरक पाहायचा असेल तर दोन्ही असलेलं एकच झाड दाखवायला सांगा, आमच्या वाटाड्याला बरोबर ठाऊक होतं. त्याला आम्ही तीनशे दिले. घासाघीस करू नका.

गंमत म्हणजे 'वांडा' हे नावही संस्कृतातल्या 'वंदा'वरून आलंय, विल्यम जोन्सनं 1795 साली ते शास्त्रात नेलं. आणि जुन्या कोशांत वंदा म्हणजे झाडावर वाढणारं कोणतंही झाड, त्यात बांडगूळही आलं. म्हणजे आबाजींच्या बाजूनंही एक पुरावा निघाला. तो मी घरी सांगितला नाही.

परत आलो तर जूनच्या वावधानात आंब्याची मोडलेली फांदी गोठ्यामागं तशीच पडून होती, तिला वांड्याचं एक रोप चिकटलेलं. अर्धी पानं सुकलेली. संध्याकाळी शिडी लावली, मेलेली मुळं बाईंनी सांगितल्यासारखी दाबून कापली, आणि रोप आंब्याच्या पूर्वेकडच्या फांदीला, दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी, सुती लुगड्याच्या पट्टीनं बांधलं. नायलॉनची दोरी वापरू नका, ती काचते. सुती पट्टी वर्षभरात कुजून जाते आणि तोवर मुळांनी साल धरलेली असते.

आज बावीस दिवस झाले. एका मुळाच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढं हिरवं टोक फुटलंय. आबाजी रोज खालून बघून जातात.

"पोरी," काल म्हणाले, "बांडगूळ लोक तोडतात वं. तू बांधून रायली."

आणि गड्याला हाक मारून शिडी तिथंच राहू दे म्हणाले.