मराठी नावाचं डोमेन घेण्याआधी ते फोनवर सांगून पाहा

दुकान, संस्था किंवा ब्लॉगसाठी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्यायची वेळ येते तेव्हा नाव बहुधा ठरलेलं असतं. घोडं अडतं ते रोमन स्पेलिंगपाशी. 'ज्ञानदीप' हे नाव घ्या. 'ज्ञान' लिहिताना कुणी डी-एन-वायने सुरुवात करतं, कुणी जी-वायने, कुणी जे-एनने. 'दीप'ला कुणी डबल ई लावतं, कुणी एकच आय. झाले एका नावाचे सहा पत्ते. त्यातला तुम्ही एक घ्याल, उरलेले पाच कुणीही घेऊ शकतं, आणि नाव ऐकून शोधणारं गिऱ्हाईक तिकडे पोचू शकतं.

'व'ला व्ही की डब्ल्यू, 'पूर'ला यू की डबल ओ, शेवटच्या 'आ'ला एक ए की दोन, हे प्रश्न जवळजवळ प्रत्येक मराठी नावात येतात. 'ळ' आणि 'ल' तर दोघेही एलवरच येतात. दोन शब्द जोडतानाही जपायला हवं. 'सुगम मसाले' सलग लिहिलं की दोन एम शेजारी येतात आणि घाईत टाइप करणारा त्यातला एक हमखास खातो.

म्हणून डोमेन विकत घेण्याआधी एक चाचणी कराच. वेगवेगळ्या वयाच्या पाच जणांना नाव फक्त आवाजात पाठवा, लिहून नको, आणि त्यांना ते रोमनमध्ये टाइप करून पाठवायला सांगा. चौघांचं स्पेलिंग जुळलं तर तेच घ्या, तुम्हाला दुसरं अधिक शुद्ध वाटत असलं तरीही. उत्तरं दोन स्पेलिंगांत विभागली गेली तर दोन्ही घ्या आणि दुसऱ्यावर आलेला माणूस आपोआप पहिल्यावर पोचेल असं ३०१ रीडायरेक्ट लावा. तीन-चार वेगळी स्पेलिंगं आली तर ते नाव डोमेनपुरतं सोडून द्या. पाटीवर 'ज्ञानदीप' राहू दे, पत्ता मात्र त्याच नावातल्या सोप्या शब्दाचा किंवा गाव जोडून केलेला असू दे.

तांत्रिक नियम थोडेच आहेत. टिंबाच्या आधीचा भाग जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा. रोमन पत्त्यात अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं. सुरुवातीला किंवा शेवटी हायफन चालत नाही. प्रत्यक्षात बारा-पंधरा अक्षरांपुढे जाऊ नका. हायफन आणि आकडे टाळाच, कारण '७' म्हटल्यावर आकडा लिहायचा की शब्द, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांनी पत्ता बदलत नाही. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल छापा, जोडनाव लगेच वाचता येतं.

शेवटी काय लावायचं? गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर .इन उत्तम, २००५पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. परदेशातले मराठी वाचकही हवे असतील तर .कॉम बघा, कारण लोकांची बोटं आपोआप तिकडेच वळतात. .कॉम दुसऱ्याकडे असेल आणि तो तुमच्याच धंद्यातला असेल, तर .इन घेऊन झगडू नका, नावच बदला. स्वस्त, नवलाईच्या शेपट्यांपासून सावध राहा. पहिल्या वर्षाचा दर नाममात्र असतो आणि नूतनीकरणाचा त्याच्या कितीतरी पट. तुलना करायची ती दुसऱ्या वर्षाच्या दराची, १८ टक्के जीएसटी धरून.

देवनागरी .भारत २०१४पासून मिळतं. ते घ्यावं, असं मनापासून वाटतं, पण दुसरा पत्ता म्हणून. आतून त्याचं रूपांतर एक्स-एन आणि दोन हायफनने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत होतं आणि लिंक कॉपी केली की अनेकदा तीच अगम्य ओळ पुढे जाते. त्यावरचा ईमेल पत्ता बरेच फॉर्म स्वीकारत नाहीत. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ इथेही आहेच: 'दिप' आणि 'दीप' हे दोन वेगळे पत्ते.

नाव मोकळं दिसलं म्हणजे ते कोरं असतंच असं नाही. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात त्या पत्त्याची जुनी पानं पाहा. तिथे आधी जुगार किंवा बनावट औषधांची जाहिरात चालली असेल, तर सर्च इंजिनं आणि मेल सर्व्हर तो डाग लवकर विसरत नाहीत. मग आयपी इंडिया या सरकारी संकेतस्थळावरच्या ट्रेडमार्क शोधात तुमच्या धंद्याचा वर्ग निवडून नाव तपासा, ध्वनिसाम्याचा शोधही करा. दुसऱ्याचा ट्रेडमार्क असलेलं नाव दुष्ट हेतूने घेतल्याचं ठरलं, तर .इनसाठी आयएनडीआरपी आणि .कॉमसाठी यूडीआरपी या वाद सोडवण्याच्या प्रक्रियांतून डोमेन काढून घेतलं जातं.

सर्वांत जास्त नुकसान मात्र नोंदणीत होतं. वेबसाइट बनवणारा डोमेन स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावावर घेतो आणि पुढे वाद झाला की पत्ता त्याच्याकडेच राहतो. रजिस्ट्रारकडचं, म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडचं खातं, मालक म्हणून नोंदलेलं नाव आणि ईमेल तुमचंच हवं. त्याला हवा तर डीएनएसपुरता, म्हणजे पत्ता कुठल्या सर्व्हरकडे जावा त्या सेटिंगपुरता, प्रवेश द्या. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर सूचनेचा मेलही पोचणार नाही. .कॉम घेतल्यावर पडताळणीचा मेल येतो. १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर साइट थांबवली जाऊ शकते.

ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून परस्पर पैसे कापण्याचे नियम कडक झाले आहेत, आणि परदेशी रजिस्ट्रारची वसुली अनेकदा त्यात अडकते. .कॉम एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येतं. तीन-पाच वर्षांचे पैसे एकदम भरणं बरं. मुदत संपल्यावर रजिस्ट्रारने नूतनीकरणासाठी दिलेले सवलतीचे दिवस संपले की ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ असतो आणि त्यात नाव सोडवायला जबर दंड पडतो. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही मिळू शकतं. संपण्याची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीच्या सूचनेसह टाका, आणि घरातल्या किंवा संस्थेतल्या आणखी एकाला तरी ती ठाऊक असू द्या.