मॅनहोलच्या बाहेर उभं राहायला शिकलो

आयटीआयमधून फिटर होऊन लोट्याच्या एमआयडीसीत लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी एका रजिस्टरवर सही घेतली. वर छापलेलं होतं, 'सुरक्षा प्रशिक्षण घेतले'. प्रशिक्षण म्हणजे हेल्मेट आणि बूट हातात ठेवले, एवढंच. मी कंत्राटदाराचा माणूस. त्या एका सहीवर चार वर्षं काढली. रिअॅक्टरमध्ये, म्हणजे रसायनं बनवायच्या बंद टाकीत, किती वेळा उतरलो त्याचा हिशेब नाही. मॅनहोल, म्हणजे टाकीत उतरायचं तोंड, उघडायचं, जरा हवा लागू द्यायची, वास घ्यायचा आणि शिडी सोडायची. वास नाही म्हणजे गॅस नाही, असं जुन्या माणसांनी आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही नव्या पोरांना सांगत होतो. त्या पोरांची आठवण आली की आजही पोटात गोळा येतो.

पुढे दुसऱ्या कंपनीत कायम झालो. तिथे व्हेसल एंट्रीचं, म्हणजे अशा टाकीत उतरण्याचं, तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही पास झाल्याशिवाय परमिटवर, म्हणजे या कामाच्या लेखी परवान्यावर, नाव चढत नव्हतं.

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "आत गॅस आहे हे तुला कसं कळतं?" मी म्हटलं, वासावरून. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आपण आत्ता घेतोय त्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे. येतोय वास?" रिअॅक्टर नायट्रोजनने पर्ज केलेला असला, म्हणजे आतली हवा नायट्रोजनने बाहेर ढकललेली असली, की आत ऑक्सिजन उरत नाही. छातीत कार्बन डायऑक्साइड साचला की जीव घाबरा होतो, पण इथे तो प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर पडत असतो, त्यामुळे गुदमरल्यासारखं काही वाटतच नाही. एक-दोन श्वासांत शुद्ध जाऊ शकते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या लोखंडी टाकीत नुसता गंजसुद्धा ऑक्सिजन खातो. मी ऐकत होतो आणि डोळ्यांपुढे एकेक जुनी टाकी येत होती.

गॅस मीटर हातात आल्यावर माझी पहिलीच चाचणी चुकली. मोकळ्या हवेत मीटर 20.9 टक्के ऑक्सिजन दाखवतो. आत जायला तो 19.5 ते 23.5 च्या दरम्यान हवा. मी नळी टाकीच्या तळाला सोडली, लगेच आकडा वाचला आणि कागदावर 20.9 लिहिलं. सर म्हणाले, "हा आकडा टाकीतला नाही, नळीतल्या हवेचा आहे." नळी जितकी लांब तितकं जास्त थांबावं लागतं. आणि वर, मध्ये, तळाला असं तीन ठिकाणी तपासायचं, कारण मिथेन वर चढतो आणि हायड्रोजन सल्फाइड तळाला बसतो.

एजिटेटरचा, म्हणजे टाकीतला माल ढवळणाऱ्या पंख्याचा, फ्यूज काढून खिशात टाकायची आमची जुनी सवयही तिथेच सुटली. प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्याच खिशात. कुलूप लागल्यावर स्टार्टचं बटण दाबून मोटर खरंच फिरत नाही ना, ते बघायचं. पाइपलाइनवर नुसता व्हॉल्व्ह बंद केलेला चालत नाही, ब्लाइंड, म्हणजे पाइप पुरता बंद करणारी लोखंडी चकती, टाकायचा.

कायद्याचा तास कंटाळवाणा होईल असं वाटलं होतं, पण माझ्या डोक्यात तोच सगळ्यात जास्त बसला. तेव्हा लागू असलेला कारखाने अधिनियम 1948, कलम 36: अशा जागेत माणूस पाठवण्याआधी आत धोका नाही असा जाणकाराचा लेखी दाखला हवा, नाहीतर श्वसनाचं उपकरण आणि बाहेरच्या माणसाच्या हातात दोरी हवी. हातदिवा 24 व्होल्टच्या वर नको. आणि भोपाळनंतर 1987 साली घातलेलं कलम 111-अ: सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मागणं हा कामगाराचा हक्क. मी त्या रजिस्टरवर सही केली तेव्हाही हा हक्क होता. मला कुणी सांगितलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. मी अटेंडंट, म्हणजे बाहेर उभं राहून आतल्यावर लक्ष ठेवणारा; जोडीदार हार्नेस घालून आत, वर तिपाई म्हणजे ट्रायपॉड आणि त्याला दोरीने वर ओढायचा विंच. मध्येच त्याने ठरल्याप्रमाणे अंग टाकलं. नाटक आहे हे ठाऊक असूनही त्याची मान लटकलेली दिसली आणि मी त्याचं नाव घेत डोकं आणि एक हात मॅनहोलमध्ये घातला. सरांनी मागून कॉलर धरली. "आता दोन मेले," एवढंच म्हणाले आणि मला नापास केलं.

रात्री झोप लागली नाही. आपल्या माणसाला खाली पडलेलं बघून हात बांधून उभं राहायचं, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. उलट धावतो तो खरा, असंच ऐकत मोठे झालो. पण ती दोरी आणि विंच माझ्या हाती दिलेली असते. मीच आत गेलो तर ती ओढणार कोण?

दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिलो. तो पडला. पाय जागेवर ठेवले, वॉकीटॉकीवर हाक दिली, विंच फिरवायला घेतला. विंच फार हळू चालतो. हेल्मेट वर दिसेपर्यंत तोंडाला कोरड पडली होती. या वेळी पास झालो.

मागच्या शटडाउनला, कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता तेव्हा, मी एका मोठ्या टाकीवर अटेंडंट होतो. हवा खेळवणाऱ्या ब्लोअरचा आवाज, आत वेल्डर. दर थोड्या वेळाने मी हाक मारायचो, तो 'हो' म्हणायचा. एकदा 'हो' आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. माझा उजवा पाय आपोआप पुढे सरकला. तो मागे घेतला, एक हात वॉकीटॉकीवर ठेवला आणि दुसऱ्याने दोरीला एक झटका दिला.

खालून झटका आला. त्याने हाक ऐकली नव्हती. तरी त्याला वर बोलावला, पाणी दिलं, मीटर पुन्हा सोडला, आणि परमिटवर वेळ लिहिली, 11.40.