पात्रता परीक्षेचे पेढे

आपल्याकडे पीएच.डी.च्या वाटेवर घरच्यांना कळणारे टप्पे दोनच असतात: नोंदणी झाली आणि व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची शेवटची तोंडी परीक्षा, झाली. मधली सगळी वर्षे "चालू आहे" एवढ्यावर निघून जातात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील आमच्या भाषाविज्ञान विभागात मात्र जवळपास दर आठवड्याला कोणाची ना कोणाची बातमी असते. कोणाचा पेपर परिषदेत स्वीकारला जातो, कोणाला उन्हाळ्यातील क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे भाषकांमध्ये जाऊन त्यांची भाषा नोंदवण्यासाठी, अनुदान मिळते, कोणाचा प्रबंध दाखल होतो, कोणाला नोकरी लागते. या सगळ्यांत मला सर्वांत मोठी वाटते ती पात्रता परीक्षेची बातमी, आणि गेल्या वर्षी ती माझ्या नावाने आली तेव्हा युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून पेढे आणून मी विभागभर वाटले. पदवी अजून लांब असताना पेढे कसले, असे आईने फोनवर विचारले. त्याचे उत्तर जरा सविस्तर देणे भाग आहे.

सुरुवातीची वर्षे मुख्यतः अभ्यासक्रमाची असतात: ध्वनिव्यवस्था, वाक्यरचना, अर्थविचार, भाषांचा इतिहास. त्यांत सर्वांत लक्षात राहतो तो क्षेत्रपद्धतीचा वर्षभराचा वर्ग. वर्गातल्या कोणालाच न येणारी एक भाषा निवडली जाते, ती मातृभाषा असलेली व्यक्ती समोर बसते आणि तिला प्रश्न विचारत विचारत त्या भाषेचे व्याकरण शून्यापासून उभे करायचे असते. एकच शब्द ऐकून टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने वहीत वेगळे काहीतरी लिहिलेले असते. आपल्याला 'त' आणि 'ट' यांतला फरक ऐकण्यासाठी कान टवकारावे लागत नाहीत, अमेरिकी वर्गमित्रांना लागतात. स्वराच्या चढउतारांवर अर्थ बदलणारी भाषा समोर आली की पारडे फिरते. (वर्ग दहाचा असेल तर तो दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू होतो. याला इथे 'बर्कली टाइम' म्हणतात आणि कोणाला त्याची लाज वाटत नाही.)

पुढे स्वतंत्र संशोधनावरचे दीर्घ पेपर, मग प्रबंधाचा आराखडा आणि मग ती पात्रता परीक्षा, तीही तोंडी. बंद खोलीत दोन-तीन तास प्राध्यापकांची समिती प्रश्न विचारते, आणि त्यांतले एक प्राध्यापक मुद्दाम विभागाबाहेरचे असतात. आश्चर्य वाटेल, पण बर्कलीत बहुतेकांना प्रबंध पूर्ण झाल्यावर व्हायवा द्यावीच लागत नाही. समितीच्या सह्या झाल्या की प्रबंध दाखल करता येतो. त्यामुळे समितीपुढे औपचारिक परीक्षा द्यायची ती हीच, आणि ती प्रबंधाच्या आधी होते. उत्तीर्ण झाले की विद्यार्थी 'कँडिडेट', म्हणजे आता फक्त प्रबंध उरलेला पीएच.डी.चा अधिकृत उमेदवार, ठरतो.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत या बातमीला आणखी एक बाजू आहे आणि ती शुद्ध हिशेबाची आहे. कॅलिफोर्नियाबाहेरच्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठ नेहमीच्या शुल्काखेरीज वर्षाला 15,102 डॉलर जादा आकारते. दुसऱ्या राज्यातून आलेला अमेरिकी विद्यार्थी वर्षभरात कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरून त्यातून सुटू शकतो. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला ती सोय नाही. ही रक्कम सहसा आमच्या खिशातून जात नाही, पण कोणाच्या तरी खात्यातून जातेच, आणि आपण विभागाला किती महाग पडतो याची जाणीव सतत राहते. कँडिडेट झाल्यावर हे जादा शुल्क जास्तीत जास्त तीन वर्षे माफ होते. म्हणजे पेढे वाटले त्याच दिवशी घड्याळही सुरू झाले. रोजचा खर्च शिकवण्याच्या कामातून निघतो. त्या कामाचा मोबदला वाढावा म्हणून 2022च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बर्कलीसह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व आवारांतील सुमारे 48,000 जण संपावर गेले आणि तो संप जवळपास सहा आठवडे चालला. वाढ मिळाली; ती या परिसरातल्या घरभाड्यांना पुरते असे मात्र मी म्हणणार नाही.

अनुदानांच्या बातम्यांत इथे एक नाव नेहमी दिसते, ओस्वाल्ट अनुदान. कशाया या कॅलिफोर्नियातील भाषेवर आयुष्यभर काम केलेल्या रॉबर्ट ओस्वाल्ट यांच्या नावाने ते संकटग्रस्त भाषांवरील क्षेत्रकार्यासाठी दिले जाते. अशा कामातून जमलेली ध्वनिमुद्रणे आणि वह्या विभागाच्या अभिलेखागारात जातात, आणि ती तिथे नुसती पडून राहत नाहीत. 1996 पासून साधारण वर्षाआड जूनमध्ये एक आठवड्याची कार्यशाळा भरते. ज्यांच्या भाषा बोलणारे कोणी उरलेले नाही किंवा अगदी मोजके उरले आहेत, असे कॅलिफोर्नियातील मूळ रहिवासी आपल्या पूर्वजांचे शब्द शोधण्यासाठी तिथे येतात, आणि त्यांच्या मदतीला आमच्यासारखे विद्यार्थी बसतात. मुत्सुन भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती 1930 मध्ये गेली. 2016 मध्ये त्या भाषेचा शब्दकोश प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखिकांत त्या समाजातली एक स्त्री आहे. कोणी तरी जुन्या वहीतली ओळ बोटाने धरून आपल्या पणजीच्या भाषेतले वाक्य अडखळत वाचते, तेव्हा आमच्या आयपीएच्या, म्हणजे कोणत्याही भाषेचे उच्चार लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय लिपीच्या, खुणांचा खरा उपयोग समजतो.

मराठी माणसाला या विभागात घरचे म्हणावे असे दुवेही सापडतात. 1953 मध्ये विभाग आजच्या स्वरूपात उभा करणारे मरे एमेनो 1935 ते 1938 या काळात भारतात हिंडून तोडा, कोटा, कोडगू अशा द्रविड भाषा नोंदवत होते, आणि त्यांत आपल्या विदर्भातली कोलामीही होती. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक 1955 मध्ये आले. आमच्या शेजारच्या मानववंशशास्त्र विभागातले जॉन गम्पर्झ यांनी 1971 मध्ये एका सहकाऱ्यासह सांगलीजवळच्या कुपवाडविषयी लिहिले. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदून तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्द तेवढे बदलले की वाक्य दुसऱ्या भाषेत जात होते. सांगली कुठे आहे हे इथे मला कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

प्रबंध दाखल झाल्याची बातमी त्या मानाने फारच साधी असते. पूर्वी स्प्राउल हॉलमधल्या कचेरीत प्रबंध दाखल केला की हाती एक लॉलीपॉप मिळत असे. इतक्या वर्षांच्या कामानंतर लॉलीपॉप, यावर बाहेरचे हसतात, पण इथले लोक त्याचा फोटो काढून घरी पाठवत. ही बातमी बहुधा एकटी येत नाही, नोकरीच्या बातमीला जोडून येते, आणि त्याला कारण आहे. पदवीनंतर आमच्या व्हिसावर काम करण्यासाठी साधारण एक वर्ष मिळते, आणि त्यातही बेकार राहण्याच्या दिवसांना मर्यादा असते. म्हणून प्रबंध तयार असूनही नियुक्तिपत्र हाती येईपर्यंत सह्या लांबवणारे अनेक परदेशी विद्यार्थी असतात. प्राध्यापकपदाच्या जागा थोड्या असल्यामुळे त्या पत्रांवर विद्यापीठांइतकीच तंत्रज्ञान कंपन्यांची नावेही दिसतात. विभागाच्या बातम्यांत दोन्हींचे अभिनंदन सारख्याच शब्दांत होते, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.