धीर आला दोन किलोंतून

"ताई, तुम्हाला नवीन सुचतं कसं? आणि ते बाजारात न्यायची हिंमत कुठून येते?" बचतगटाच्या बैठकीला गेले की कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सुचायला आपल्याकडे कुणालाच कमी सुचत नाही. उन्हाळ्यात अमळनेरला आमच्या गल्लीत बाजांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असतात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, दळायची, घाटा शिजवायचा, तीळ-जिरं घालून ओल्या कापडावर थापायचं. प्रत्येकीच्या हाताची काही ना काही वेगळी युक्ती असते. ती तिच्या घरातच राहते, कारण "विकलं गेलं नाही तर?"

माझं पुण्याला गेलेलं पहिलं पार्सल चुरा होऊन परत आलं. ताटाएवढे बिबडे, टिकणार कसे? दोन दिवस मी ते खोकं उघडलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी थोडा घाटा उरला होता, त्याचे तळहाताएवढे थापून बघितले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "इतलं धाकलं बिबडं ऱ्हास का कोठे?" (एवढं लहान बिबडं असतं का कुठे?) मलाही भीती होतीच. म्हणून दोनच किलो केले. फसले असते तरी घरात खाऊन संपले असते. पण ते शाबूत पोचले, आणि गिऱ्हाइकाने वर कळवलं की आमच्या छोट्या कढईत हे अख्खे तळता येतात. हे तर माझ्या डोक्यातही नव्हतं! त्यानंतर माझी भीड चेपली.

अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हेच मांडलं होतं: 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत पक्का येतो तो स्वतः करून जमल्यावर. जळगावच्या 'जैन इरिगेशन'चे संस्थापक भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन नावाचं विकर (एन्झाइम) काढलं. लोक त्यांची कल्पना तेवढी सांगतात. मला त्याआधीची वर्षं मोठी वाटतात. १९६३ मध्ये रॉकेल विकण्यापासून सुरुवात करून पंधरा वर्षं हा माणूस व्यापारात मुरला होता.

म्हणून कुणी मला "आधी हिंमत धरा, मग करा" म्हटलं की पटत नाही. बाईच्या हातात दोन किलोंचं पीठ द्या, आणि ते वाया गेलं तर घरात कुणी बोलू नका.

या उन्हाळ्यात कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचे, बिबडे करून बघणार आहे. दोनच किलो. थापायला मावशी येणार आहेत.