क्रेटाच्या टर्बोसाठी थांबलो तेव्हा

आम्ही कोल्हापूरचे आणि माझी सासुरवाडी रत्नागिरीची, त्यामुळं गाडीचा विषय निघाला की आमच्या घरात आधी आंबा घाट आठवतो. साखरप्यातून वर चढताना गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि पुढं चिऱ्यानं भरलेला ट्रक. जुन्या हॅचबॅकचा एसी तिथं बंद करावा लागायचा आणि मागं बसलेली आई घामाघूम व्हायची. पुढची गाडी ह्युंदाईची क्रेटा, एवढं सगळ्यांना मान्य होतं. अडलं ते इंजिनावर.

२०२३ च्या सुरुवातीला ह्युंदाईनं क्रेटातलं १.४ लिटरचं टर्बो, म्हणजे हवा दाबून आत घेणारं जास्त ताकदीचं पेट्रोल इंजिन, बंद केलं. उरलं साधं १.५ पेट्रोल, ११५ पीएस आणि १४४ न्यूटन मीटर टॉर्कचं (टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ), नाहीतर डिझेल. पण त्याच वर्षी मार्चमध्ये ह्युंदाईच्याच नव्या व्हर्नात १.५ टर्बो आलं, १६० पीएस आणि २५३ न्यूटन मीटरचं. जुलैत तेच इंजिन कियाच्या सेल्टॉसमध्ये दिसलं. कंपन्या एकाच घरातल्या. क्रेटाचं रूप बदलेल तेव्हा हे इंजिन तिच्यात येणारच, असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून थांबलो.

डिसेंबरात एका शोरूमनं जुन्या मॉडेलवर चांगली सूट देऊ केली. फोनवर फोन. आण्णा म्हणाले, "अजून किती दिवस वाट बघणार हायस? मिळतंय तवर घेऊन टाक की." ज्यांना गावातल्या गावात फिरायचंय त्यांच्यासाठी तो सौदा खरंच चांगला होता. मला घाट चढायचा होता.

१६ जानेवारी २०२४ ला नवी क्रेटा आली. पुढचा चेहरा चौकोनी, आत १०.२५ इंची दोन पडदे, आणि टर्बोही आलं. पण ते फक्त डीसीटी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबरोबर आणि सगळ्यात महागड्या मॉडेलात. डीसीटी हायवेला झकास आहे. ट्रकच्या मागं इंचाइंचानं चढताना मात्र तिचे क्लच तापतात. मला मॅन्युअलच पाहिजे होतं, म्हणून एन लाइनसाठी, म्हणजे क्रेटाच्याच स्पोर्टी मॉडेलसाठी, पुन्हा थांबलो. ११ मार्चला ती आली: तेच इंजिन, सहा गिअरचं मॅन्युअल, एक्स-शोरूम १६.८२ लाखांपासून.

टेस्ट ड्राइव्ह हायवेला देतात. मी हट्टानं केर्लीवरून जोतिबाच्या चढाला नेली, आई आणि पोरांना मागं बसवून. आधी डिझेल, लगेच टर्बो. डिझेलचा टॉर्क २५० न्यूटन मीटर, म्हणजे टर्बोच्या जवळपास बरोबरीचा, आणि वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये ते जाणवतं. दोन्ही गाड्या सारख्याच ओढतात, उलट डिझेल जरा जास्त निवांत. टर्बो दीड हजार आरपीएमच्या खाली गेलं की मंदावतं, तिथं गिअर उतरवायलाच लागतो. फरक पडतो तो एसटीला ओव्हरटेक करताना. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजाराच्या पुढं डिझेलचा दम संपत येतो आणि टर्बो तसंच खेचत राहतं. उलट्या बाजूनं गाडी यायच्या आत आपल्या लेनमध्ये परत येता येतं. पोरं मागं बसलेली असताना हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एन लाइनचं सस्पेन्शन थोडं कडक आहे. स्पीडब्रेकरवर आईला ते जाणवलं, तरी एसी चालू ठेवून गाडी वर गेली यावर ती खूश होती.

पैशाचा हिशेब असा: कंपनीच्या आकड्यानं डिझेल मॅन्युअल लिटरला २१.८ किलोमीटर देतं, एन लाइन मॅन्युअल १८. पण या किमतीत महाराष्ट्रात रोड टॅक्स पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४. रोजचं आमचं फिरणं राजारामपुरी ते शाहूपुरी एवढंच, त्यामुळं डिझेलची बचत हाताला लागली नसती. एन लाइन मॅन्युअल बुक केली.

पाडवा ९ एप्रिलला होता, तेव्हा गाडी मिळाली नाही. अक्षय्य तृतीयेला मिळाली. पासिंगच्या आधी यार्डात जाऊन उत्पादनाचा महिना आणि टायरवरचे चार आकडे बघून घेतले. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वाट बघून गाडी घेणाऱ्यांनी एवढं तरी नक्की बघावं. पासिंग झाल्यावर गाडी बदलून मागणं फार अवघड जातं.