आजी वर्गात गायची म्हणे

सकाळपासून कशात लक्ष नाही. आजीची तिथी, म्हणून इथे बडोद्यात खंडेराव मार्केटात झेंडू आणि तुळस घ्यायला गेले होते. शेजारी सुटे पैसे मोजत उभे असलेले एक काका माझ्याकडे निरखून बघायला लागले आणि म्हणाले, "तमे मराठी बेनना घरना ने?" मराठी बाईंच्या घरची ना, म्हणजे माझ्या शिक्षिका आजीच्या. नाकावरून ओळखलं म्हणे.

मग सुरूच झाले. बेननी हात धरून गिरवून घेतलं, बेननी रडताना समजावलं. हे नवीन नाही, आजीचे विद्यार्थी भेटले की हेच सांगतात. पण निघताना म्हणाले, "अने गातां केवुं!" आणि गायच्या काय! रोज पहिल्या तासाच्या आधी नरसिंह मेहतांची प्रभातियां, म्हणजे पहाटेची भजनं. झेंडूच्या ढिगासमोर उभं राहून त्यांनी दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. बेसूर, पण डोळे मिटून.

आजी गायची?

आमच्या घरी आजी म्हणजे झोपाळा, वह्यांचा गठ्ठा आणि एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी ती पेन्सिल. झोका घेत घेत तपासायची. चूक दिसली की पाय टेकवून झोपाळा थांबवायचा, लाल खूण करायची, मग पुन्हा झोका. दांडिया बाजारातल्या त्या घरात आतल्या खोलीतसुद्धा कळायचं, कड्यांची कुरकुर थांबली की कोणीतरी ह्रस्व-दीर्घात गेलं. उशाशी गुजरात विद्यापीठाचा जोडणीकोश, म्हणजे गुजराती शुद्धलेखनाचा कोश. तो १९२९ साली निघाला तेव्हा गांधीजींनी बजावलं होतं की यापुढे मन मानेल तशी जोडणी करायचा कोणाला अधिकार नाही. आजी हे आम्हाला गांधीजींपेक्षा नक्कीच जास्त कडक आवाजात सांगायची.

दिवसभर फळ्यावर बिनरेघेची गुजराती लिहून आली तरी वाण्याच्या यादीवरची शिरोरेषा पट्टीने आखल्यासारखी. माझी अक्षरं तिला 'बोडकी' वाटायची. वाढदिवसाला मी तिला लिहिलेली चिठ्ठीही तपासून परत आली होती. जाऊ दे.

तिचं कौतुक मला कमी आहे असं नाही. तिची आई शाळेत गेली ती सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदा राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं म्हणून. मुलगी घरी ठेवली तर बापाला दंड. "दंड परवडत नव्हता, म्हणून आपल्या घरात विद्या आली," हे आजीचं ठरलेलं वाक्य. १९६० ला गुजरात वेगळं झालं तेव्हा अर्धे नातेवाईक पुण्याला चला म्हणत होते. ही इथेच राहिली आणि गुजराती पोरांना त्यांचीच भाषा शिकवत बसली. आजोबांचं त्यावर काय म्हणणं होतं, ते आमच्याकडे कोणी बोलत नाही.

पण गाणं? माझ्या वाट्याला एक ओळसुद्धा नाही. सगळी लाल पेन्सिल घरच्यांना आणि प्रभातियां त्या काकांना! नैवेद्याचं पान वाढतानाही हेच डोक्यात. या वयात मेलेल्या आजीवर रुसायचं म्हणजे कमाल आहे.

आईला विचारलं तर वरणाला फोडणी देता देता म्हणाली, "घरात कशी गाईल? तिच्या सासूबाई होत्या ना." पुढे काही बोलली नाही. मग पुण्याला आत्याला फोन लावला. ती हसायलाच लागली. "गायची की! न्हाणीघरात, नळ पूर्ण सोडून. आम्हाला वाटायचं पाणी फार वापरते."

म्हणजे घरात गाणं होतं, पण नळाखाली. आणि मी जन्मेपर्यंत सासूबाई गेल्या होत्या, तरी तिची घरात न गायची सवय काही गेली नाही. का, ते तिला विचारायला हवं होतं असं लिहिणार होते, पण विचारलं असतं तर तिने आधी माझं वाक्य दुरुस्त केलं असतं. हे लिहिताना हसू आलं, ते बरंच झालं.

काकांना रविवारी चहाला बोलावलंय. सगळी प्रभातियां म्हणून घेणार आहे, बेसूर तर बेसूर. आई म्हणते, "बोलाव, पण चाल चुकली म्हणून मध्येच थांबवू नकोस त्यांना. तू थांबवशील. नाक नुसतं दिसायला नाही तिचं."